टायरांचा स्वतंत्र धंदा : घाटनांदूर येथील एक पाहणी

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी बसवितात तिला आपल्याकडे ‘धांव’ म्हणतात. आम्ही लहान असतांना लोहार ही धांव चढवीत असे तें पाहण्यासाठीं आम्हीं शाळा बुडविल्याचें आम्हांस स्मरतें. गोवऱ्यांच्या जाळांत धांव लाल होई, चिमट्यांनीं उचलून ती चाकावर बसविली जाई, आणि वर पाणी ओतलें कीं ती आकसून चाकाचे सारे सांधे एकदम आवळले जात. वेदांत रथचक्राच्या या धांवेला ‘पवि’ असा शब्द आहे. पुढील संस्कृतांत चाकाच्या कडेला ‘नेमि’ म्हणत, आणि कालिदासानें मेघदूतांत मनुष्याच्या दशेला वरखालीं फिरणाऱ्या नेमीची उपमा दिली आहे. ही उपमा आम्हीं वर्गांत पुष्कळ वेळां समजावून सांगितली. परंतु नेमि झिजते, ती वेळेवर बदलावी लागते, आणि ती बदलून देणारा मनुष्य प्रामाणिक आहे कीं नाहीं यावर गाडींत बसलेल्यांचे प्राण अवलंबून असतात, हा तिचा व्यावहारिक अर्थ आम्हांस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें शिकविला. घाटनांदूर येथें त्याचें टायरांचें दुकान आहे. आपलें नांव छापूं नये अशी त्याची विनंति असल्यामुळें तें आम्ही देत नाहीं. नांवापेक्षां रीति महत्त्वाची, आणि ती मात्र सांगण्यास त्यानें मोकळीक दिली आहे.

गांव आणि गिऱ्हाईक

घाटनांदूर हें बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांतील गांव. परळीहून लातूर रोडवरून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे. परळीस वैद्यनाथाचें ज्योतिर्लिंग, अंबाजोगाईस कोंकणस्थांची कुलस्वामिनी योगेश्वरी, तेथेंच मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या. तेव्हां आमच्या पुष्कळ वाचकांचें या बाजूस एकदां तरी येणें झालें असेल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व अंबाजोगाईस त्या वेळीं मोमिनाबाद म्हणत.

यात्रेकरूंच्या दृष्टीस सहसा न पडणारी एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों स्त्रीपुरुष ऊंस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम त्यांस आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत हंगामभर राबावें लागतें. कोणी मालमोटारीनें जातात, कोणी दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरनें, तर कोणी स्वतःची बैलजोडी घेऊन, आणि त्यांच्या गाडीला लोखंडी धांवेऐवजीं रबरी टायर असतात. संसार, भांडीं, पोरेंबाळें आणि पुढें टनावारी ऊंस हें सर्व त्या टायरांवर चालतें. मुंबई-पुण्याच्या दुकानदाराचें गिऱ्हाईक सफरीस निघालेलें असतें. घाटनांदूरच्या दुकानदाराचें गिऱ्हाईक पोटासाठीं निघालेलें असतें. या धंद्याचा विचार करतांना हा फरक मनांत ठेवावा.

आमचा विरोध

आमचा हा विद्यार्थी वाणिज्य शाखेचा पदवीधर होऊन २००३ सालीं घरीं परत आला. वडील टपालखात्यांत नोकरीस होते, मुलानें बँकेंत किंवा शाळेंत चिकटावें अशी सर्वांची अपेक्षा. मुलानें टायरांचें दुकान काढण्याची गोष्ट काढली तेव्हां घरांत जणूं सुतक आलें, आणि त्याच्या आईनें त्याला समजूत पटविण्यासाठीं आमच्याकडे पाठविलें. आम्हीं एक तासभर त्याला उपदेश केला. आपल्या घराण्यांत आजवर पुस्तकांवरची धूळ झाडली गेली, चाकांवरची नाहीं, असेंहि एक वाक्य आम्ही बोलून गेलों, आणि त्या वेळीं तें आम्हांस फार मार्मिक वाटलें होतें. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि जातांना एवढेंच म्हटलें, “गुरुजी, काम हातानें होतें, पण हिशेब डोक्यानेंच करावा लागतो.”

वस्तुतः आम्हीं त्या वेळीं थोडा इतिहास आठवावयास हवा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें झाली. मुंबईहून सायकली धाडाव्या, बंधूंनीं त्या विकाव्या आणि घेणाऱ्यास चालविण्यास शिकवावें, असा तो क्रम होता. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० मध्यें. त्याच सुमारास आयर्लंडांत जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवा भरलेला टायर तयार केला. मद्रासेकडे रेल्वे आणि बँक येथील नोकऱ्या सोडून मदुरेस मोटारींचा धंदा काढणारे टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार हेहि अशाच पुस्तकी घराण्यांतले. हल्लीं ज्याचें नांव प्रत्येक क्रिकेटवेड्या मुलास ठाऊक आहे तो मद्रासचा एम्. आर. एफ्. कारखाना १९४६ सालीं लहान मुलांचे फुगे करून निघाला, १९५२ पासून टायरांवर चढविण्याचें रबर करूं लागला, आणि पुढें टायरांकडे वळला. पण उपदेश करतांना इतिहास आठवत नाहीं, हा आमच्या पेशाचा जुनाच दोष आहे.

मुलगा लगेच दुकान थाटून बसला नाहीं, हें त्याच्या शहाणपणाचें पहिलें लक्षण. अंबाजोगाईस एका वृद्ध मुसलमान कारागिराजवळ तो दोन वर्षें पंक्चर काढण्याचें आणि टायर उतरविण्या-चढविण्याचें काम शिकला. त्याला तो ‘उस्ताद’ म्हणतो. गुरुपौर्णिमेस तो दोन घरीं जातो, आणि त्यांतलें पहिलें घर आमचें नव्हे.

मालाची परीक्षा

‘स्वतंत्र’ दुकान म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. एकाच कंपनीचा माल विकणारा दुकानदार त्या कंपनीच्या पाटीखालीं बसतो. त्याला सवलती मिळतात, पण गिऱ्हाइकास दुसरें कांहीं सुचविण्याची मुभा नसते. स्वतंत्र दुकानदार चार-पांच कंपन्यांचा माल ठेवतो आणि गाडी, ओझें व रस्ता पाहून यांतला कोणता घ्यावा तें सांगतो. त्याचें खरें भांडवल म्हणजे हा सल्ला. सल्ला खोटा ठरला कीं दुकान बसलें.

या धंद्यांत पैसा मालाच्या रूपानें रॅकवर पडून असतो. मोटारसायकलीचे टायर, जीप-मोटारींचे टायर, ट्रॅक्टरचे पुढचे लहान व मागचे प्रचंड, ट्रॉलीचे, बैलगाडीचे, मालमोटारीचे, असे आकारांचे शेकडों भेद. प्रत्येक आकार ठेवावा तर भांडवल संपतें. न ठेवावा तर गिऱ्हाईक पुढच्या गांवीं जातें. आमच्या विद्यार्थ्यानें पहिलीं दोन वर्षें एक साधी वही ठेविली. कोणता टायर विकला गेला हें तींत नव्हतें. कोणता टायर मागितला गेला आणि आपल्याजवळ नव्हता, एवढेंच तींत लिहिलेलें असे. त्या वहीवरून त्यानें दुकानाची भरती ठरविली. कंपन्यांचे प्रतिनिधी तिमाहीच्या शेवटीं येऊन, अमुक इतका माल उचलाल तर अमुक टक्के जादा सूट, असें लालूच दाखवितात. या सुटीच्या मोहानें गरज नसलेला माल भरून पुष्कळ दुकानें बुडालीं. त्याचें म्हणणें असें कीं, सूट खरेदीच्या दिवशीं मिळते, पण नफा विक्रीच्या दिवशींच होतो.

शिवाय टायराला वय असतें. वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं प्रत्येक टायराच्या कुशीवर त्याची जन्मतिथि कोरलेली असते. एका लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५२४’ असें असेल तर तो टायर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. न वापरतांहि रबर हळूहळू कडक होतें. ऊन, तेल, वेल्डिंगच्या व विजेच्या यंत्रांपासून निर्माण होणारा ओझोन वायु हे त्याचे शत्रु होत. म्हणून टायर अंधाऱ्या कोरड्या जागीं रॅकवर उभे ठेवावे लागतात, आणि जुना माल आधीं विकला जाईल अशी मांडणी करावी लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानांत गिऱ्हाइकास टायर दाखवितांना हे चार आंकडे आधीं दाखविले जातात. “मुलगी दाखवितांना पत्रिका आधीं देतात, तसें,” असें तो हंसून म्हणतो.

पिंजरा

दुकानाच्या एका कोपऱ्यांत लोखंडी पाइपांचा एक भक्कम पिंजरा जमिनींत पुरलेला आहे. तो कशासाठीं, असें आम्हीं पहिल्या भेटींत विचारलें. मालमोटारीच्या कित्येक चाकांत टायर जागेवर धरून ठेवणारी एक सुटी लोखंडी कडी असते. ती नीट न बसतां हवा भरली तर हवेच्या दाबानें ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते, आणि वर वांकून हवा भरणाऱ्याचें डोकें तिच्या मार्गांत असतें. उस्तादांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें अशींच गेलेलीं होतीं, आणि त्यांनीं आपल्या शिष्यास पहिला धडा तोच दिला. म्हणून येथें चाक पिंजऱ्यांत ठेवून, लांब नळीनें, बाजूला उभें राहून हवा भरली जाते. कितीहि घाईचें गिऱ्हाईक असो, या नियमास अपवाद नाहीं. दुकान चालविणें म्हणजे गल्ला सांभाळणें असें आम्ही समजत होतों. आधीं काम करणाऱ्यांचे हात-पाय सांभाळावे लागतात हें तेथें कळलें.

उधारीची वही

सप्टेंबर-ऑक्टोबर हा येथील धंद्याचा खरा हंगाम. मुकादमांच्या हातीं उचलीचा पैसा येतो, टोळ्या बांधल्या जातात, गाड्यांचे टायर पाहिले जातात. या वेळीं रोख विकावें तर गिऱ्हाईक थोडें, आणि उधार द्यावें तर गिऱ्हाईक सहा महिने परमुलुखांत. पूर्वीपासूनची रीति अशी कीं मुकादमाच्या नांवावर माल लिहावा आणि त्याच्याकडून पैसे घ्यावे. दुकानदारास ही रीति सोयीची. परंतु मुकादम तोच टायर गाडीवानाच्या खात्यांत मनास येईल त्या किंमतीनें लिहितो, आणि त्या गरिबाचें देणें हंगामाअखेर फिटण्याऐवजीं वाढतें.

आमच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्याच वर्षीं ही रीति मोडली. टायर ज्याच्या गाडीला लागणार त्याच्या नांवानेंच पान उघडावयाचें, अर्धे पैसे आधीं घ्यावयाचे, अर्धे पाडव्यापर्यंत, आणि किंमत लिहिलेली पावती त्याच्या हातांत द्यावयाची. ज्यास वाचतां येत नाहीं त्याला मोठ्यानें वाचून दाखवावयाची. कांहीं मुकादम रागावून दुसरीकडे गेले. विक्री त्या सालीं निम्म्यानें घटली, आणि त्याच्या आईनें पुन्हां एकदां आमच्याकडे निरोप धाडला. पण गाडीवानांत ती पावती फिरली. पुढच्या हंगामांत मुकादमास न विचारतां माणसें आपण होऊन येऊं लागलीं.

यांत सर्वच गोड झालें असें मात्र नाहीं. २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील विहिरी आटल्या, उंसाचें पीक करपलें, कारखान्यांचे हंगाम लवकर आटोपले. पाडव्यास येणारे पैसे आले नाहींत. वहींतली येणें बाकी दुकानांत असलेल्या मालाहून अधिक झाली. त्यानें बायकोचे दागिने गहाण ठेविले आणि कंपन्यांचीं देणीं वेळेवर दिलीं, कारण घाऊक बाजारांत पत एकदां गेली कीं परत मिळत नाहीं. गाडीवानांपाशीं तो तगाद्यास गेला नाहीं. प्रत्येकाचा टायर मात्र फुकट तपासून देत राहिला. तीन वर्षांत बहुतेकांनीं फेडलें, कांहींनीं फेडलें नाहीं. न फेडणाऱ्यांचीं पानें त्यानें फाडलीं नाहींत आणि कोणास दाखविलींहि नाहींत.

आमची चिठ्ठी

आतां जी हकीकत सांगावयाची ती आमच्या लौकिकास शोभणारी नाहीं. पण ती वगळली तर हा लेख लिहिण्याचें कारणच राहणार नाहीं.

२०११ च्या मे महिन्यांतली गोष्ट. आमच्या शेजारचे एक स्नेही, सेवानिवृत्त, पेन्शनच्या जोडीला जीप भाड्यानें फिरवीत असत. तिचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. नवे घेण्याची त्यांची तयारी नव्हती. आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास चिठ्ठी लिहिली: हे आपले जिव्हाळ्याचे आहेत, यांस दोन जुने टायर कमी किंमतींत द्यावे. त्यानें चिठ्ठी वाचली, स्नेह्यांस खुर्ची दिली, चहा दिला, जीपखालीं जाऊन आला, आणि हात पुशीत म्हणाला, “काका, या गाडीला जुना टायर मी देणार नाहीं. नवे घ्या, पैसे चार हप्त्यांनीं द्या. पहिला हप्ता पावसाळ्यानंतर दिला तरी चालेल.” स्नेही तसेच उठले. संध्याकाळीं त्यांनीं तो अपमान आम्हांस सांगितला, आणि आम्हांसहि तो अपमानच वाटला. गुरूच्या अक्षराचा मान राखला नाहीं म्हणून आम्हीं त्याच्याशीं बोलणें टाकलें.

स्नेह्यांनीं दुसऱ्या एका गांवीं स्वस्तांत दोन टायर घेतले. ते ‘कटिंग’चे होते. झिजून गेलेल्या टायरावर तापलेल्या सुरीनें पुन्हां खांचा कोरतात आणि वर काळा रंग फासतात. दिसावयास टायर नवा दिसतो, पण खांचेखालीं तारांवर किंवा दोऱ्यांवर रबराचा पापुद्रा तेवढा उरतो. अकराव्या दिवशीं लग्नाहून परत येतांना, भर उन्हांत, डाव्या हाताचा पुढचा टायर फुटला आणि जीप चारींत गेली. आंत नऊ माणसें होतीं. परमेश्वराच्या कृपेनें कोणी दगावलें नाहीं. स्नेह्यांच्या सुनेचा हात कोपरांत मोडला. तो आजहि पुरता वर होत नाहीं. तिला वेणी घालतांना धाकटी जाऊ मदत करते हें आम्ही समोरच्या ओसरीवरून रोज पाहतों.

त्या रात्रीं रस्त्यावर जीप बाहेर काढण्यास जॅक व दोन टायर घेऊन कोण आलें हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. त्यानें एक शब्द काढला नाहीं. शेवटीं आम्हींच विचारलें, “तूं आम्हांला नीट समजावून कां सांगितलें नाहींस?” तो म्हणाला, “गुरुजी, चिठ्ठी तुमची होती. मी ‘नाहीं’ म्हटलें तें टायराला, तुम्हांला नव्हे.” आमचे स्नेही अजूनहि दोष रस्त्याला देतात. आम्हांस तसें करतां येत नाहीं, कारण तो कागद आमच्या हातचा होता.

येथें न्यायासाठीं एक खुलासा केला पाहिजे. ‘कटिंग’ निराळें आणि चांगल्या कारखान्यांत टायरावर नवें रबर चढविणें निराळें. मालमोटारीच्या टायराचा सांगाडा सुस्थितींत असेल तर त्यावर शास्त्रशुद्ध रीतीनें रबर चढविलेला टायर पुष्कळ दिवस काम देतो, आणि वाहतुकीच्या धंद्यांत तें सर्रास चालतें. सांगाडा कोणता घ्यावा आणि कोणता टाकावा, यांतच दुकानदाराची पारख आहे.

मोठ्या बाजाराची झळ

लहान गांवचें दुकान कितीहि नेकीनें चालविलें तरी मोठ्या बाजाराची झळ त्याला लागतेच. अखिल भारतीय टायर-विक्रेत्यांच्या संघानें केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें पांच मोठ्या टायर कंपन्यांची व त्यांच्या संघटनेची चौकशी केली; २०११-१२ सालांत त्यांनीं आपसांत संगनमत करून किंमती ठरविल्या असा निष्कर्ष काढून एकूण १,७०० कोटींहून अधिक रुपयांचा दंड सांगितला. हा आदेश २०२२ च्या फेब्रुवारींत जाहीर झाला. कंपन्यांनीं तो मान्य केला नाहीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अपील न्यायाधिकरणानें प्रकरण फेरविचारासाठीं आयोगाकडे परत पाठविलें. दोष कोणाचा हें ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु गल्ल्यावर बसणारे लहान दुकानदार एकत्र येऊन अशी दाद मागूं शकतात, एवढें यावरून दिसलें.

करांचेंहि तसेंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील वस्तु-सेवा कर बहुतांशीं २८ टक्क्यांवरून १८ वर आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबांवरील कर ५ वर आला. गिऱ्हाइकास ही सवलत उत्तमच. पण घोषणा महिन्याच्या आरंभीं झाली, आणि ऐन हंगामाचे ते जवळजवळ तीन आठवडे दुकानांत कोणी फिरकलें नाहीं. प्रत्येकजण तारखेची वाट पाहत बसला. ज्याच्याजवळ तीन आठवडे तग धरण्यापुरती शिल्लक नव्हती त्याची काय स्थिति झाली असेल याची कल्पना करावी. आमचा विद्यार्थी दर महिन्याच्या नफ्यांतून एक भाग बाजूस ठेवतो तो याच दिवसांसाठीं.

आतां गिऱ्हाईक दुकानांत येतें तें फोनवर किंमत पाहूनच येतें. तो त्यांच्याशीं वाद घालीत नाहीं. फोनवरून टायर येतो, पण तो चढविणारा, तोल साधणारा, महिन्यानें हवा तपासणारा आणि कारखान्याचा दोष निघाल्यास कंपनीकडे कागद करून भरपाई मिळवून देणारा मनुष्य फोनमधून येत नाहीं, हें गिऱ्हाइकास एका हंगामांत आपोआप कळतें.

वांटा

दुकानांत तीन मदतनीस आहेत. त्यांपैकीं दोघे ऊंसतोडणी करणाऱ्यांचीं मुलें. पगाराशिवाय वर्षाच्या नफ्यांतील ठराविक हिस्सा तिघांत वांटला जातो आणि वर्षाचा हिशेब त्यांच्यासमोर उघडा ठेवला जातो. आम्हांस हें नवल वाटलें म्हणून आम्हीं आणखी वाचन केलें, तेव्हां अमेरिकेंतील लेस श्वाब या गृहस्थाची हकीकत सांपडली. लहानपणींच आईबाप गेलेला, वर्तमानपत्रें घरोघर टाकून वाढलेला हा मनुष्य. टायरांची कांहींएक माहिती नसतां १९५२ सालीं ऑरेगॉन प्रांतांतील प्राइनव्हिल या लहानशा गांवीं त्यानें एक मोडकें दुकान विकत घेतलें. पुढें त्याचीं शेंकडों दुकानें झालीं, आणि दुकानाच्या नफ्याचा अर्धा भाग तेथें काम करणाऱ्यांत वांटावा हा नियम त्यानें आरंभींच्या काळांत घातला तो अखेरपर्यंत पाळला. २००७ सालीं तो वारला. घाटनांदूरच्या दुकानदारास हें नांव आम्हींच प्रथम सांगितलें. तो म्हणाला, “गुरुजी, पोरगा दुसऱ्याच्या दुकानांत टायर चढवितो तेव्हां नट ढिला राहतो. स्वतःच्या दुकानांत राहत नाहीं.”

घरच्यांसाठीं चार गोष्टी

आमच्या वाचकांपैकीं टायरांचें दुकान काढणारे थोडेच निघतील; पण दुचाकी किंवा मोटार आतां घरोघर आहे. त्यांच्यासाठीं त्याजकडून घेतलेल्या चार सूचना येथें देतों.

टायरांतील हवा महिन्यांतून एकदां, सकाळीं, गाडी चालण्यापूर्वीं तपासावी. हवा कमी असली कीं टायराच्या कुशी सारख्या मुडपतात, तापतात आणि उन्हाळ्यांत फुटतात. हवा किती असावी हें गाडीच्या दारावर किंवा पुस्तकांत लिहिलेलें असतें. खांचांच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीस आला कीं बदलावा. मोटारीच्या टायराची खांच १.६ मिलिमीटरहून आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटरहून कमी असूं नये असा कायदाच आहे. गाडी थोडी चालली म्हणून टायर तरुण राहत नाहीं. पांच वर्षांनंतर तो दरसाल जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, कितीहि नवा दिसला तरी, वापरूं नये. स्टेपनीच्या चाकासहि हेंच लागू. आणि जुने टायर परसांत टाकूं नयेत. पावसाळ्यांत त्यांत सांचलेल्या पाण्यावर डेंग्यूचे डांस वाढतात. आपल्या घरांतील लहान मुलें तेथून दहा हातांवर निजतात, हें ध्यानांत ठेवावें.

गेल्या खंडेनवमीस त्यानें आम्हांस दुकानांतील शस्त्रपूजेसाठीं बोलाविलें. पाटावर पहारी, पाने, हवा मोजण्याचें यंत्र आणि उधारीची वही मांडली होती. उस्ताद आतां हयात नाहींत. त्यांचा जुना हातोडा मधोमध होता. आम्हीं गंधाक्षता वाहिल्या आणि त्या पिंजऱ्यास झेंडूची माळ बांधली. त्याच्या आईनें सर्वांस प्रसाद दिला. मदतनिसांच्या हातांवर देतांना त्या बाईंनीं आधीं त्यांचे तळहात स्वतःच्या पदरानें पुसले. इतक्यांत एक गाडीवान बैल सोडून आंत आला. सकाळीं टोळी निघावयाची होती आणि त्याच्या उजव्या चाकांतली हवा उतरली होती. पूजा अर्धी ठेवून पहार पाटावरून उचलली गेली, आणि आम्ही बाजूला सरून त्यांना जागा करून दिली.